गिटारीच्या पोटातले तांदूळ

जुन्या विजेच्या गिटारीचे शौकीन भेटले की मी दोन हात लांब बसतो. फुगीर पोटाची, पोकळ, छातीवर दोन लांबट वळणदार भोकं असलेली ती गिटार हे लोक तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेतात आणि डोळे मिटून सांगतात, "हिचा आवाज लाकडात मुरलाय." वाजवा म्हटलं की तारा जुन्या असतात, हवा दमट असते, बोट कापलेलं असतं. अशा गिटारीत काय मुरतं ते मला ठाऊक आहे. मी ते स्वतः बाहेर काढलेलं आहे.

सत्तरच्या दशकात आमच्या तुमसर तालुक्यात असली एकच गिटार होती. नाकाडोंगरीकडच्या खाणीतला एक साहेब बदली होऊन जाताना ती विकून गेला आणि तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराच्या थोरल्या मुलाने ती घेतली. गडी तेव्हा तिशीचा. सहा वर्षांत तो एक कॉर्ड शिकला, आणि त्यातलंही एक बोट कायम चुकीच्या तारेवर. पण पुसायचा किती! पिवळ्या फडक्याने पुसून पुसून त्याने लाकूड इतकं झिजवलं, की आरपार उजेड दिसतो, असं मी सिहोऱ्याच्या पानठेल्यावर शपथेवर सांगत असे. कुणी जवळ गेलं की हा ओरडायचा, "काहून बे, हात धुतले का? करंट हाय तिच्यात!"

त्याची आई दर दसऱ्याला नांगर, कुऱ्हाड, तराजू आणि फटफटी यांच्या ओळीत गिटारही मांडायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि अक्षता. आता नांगराला भोकं नसतात, गिटारीला दोन होती. आणि आमच्या धानाच्या मुलखात अक्षता कुणी चिमटीने टाकत नाही, मुठीने टाकतात. वर म्हातारीचा दंडक, वाहिलेला तांदूळ झटकायचा नाही. सहा दसऱ्यांत गिटारीच्या पोटात दोन पायली तरी माल जमला असेल. हा ती घेऊन चालला की वाटायचं, कुणी सुपात धान पाखडतंय.

या ठोंब्याशी माझं वैर पडलं ते मंडईत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि रात्री नाटक. सिहोऱ्याच्या नाटकात पेटीमास्तरच्या उजव्या हाताला बसून मी अकरा वर्षं बँजो वाजवला. ती जागा म्हणजे माझी गावातली सगळी इभ्रत. माझं लग्नसुद्धा मला तिथे बसलेला पाहून जुळलं. त्या वर्षी मंडपाच्या खांबांसाठी लाकडी बल्ल्या ठेकेदाराने दिल्या आणि नाटकाच्या मॅनेजरने माझी जागा त्याच्या मुलाला देऊ केली. फक्त दुपारच्या तालमीत निभावून न्यायचं होतं.

माइकवाल्याने वायर जोडली. गडी ऐटीत बसला, जरा हलला, आणि भोंग्यातून सरसर, सरसर.

"हे काय वाजून राहिलं?" मॅनेजर भडकला.

"अक्षता हायेत, भाऊ. माय काढू देत नाही."

"मंग मायलेच बसव इथं! तासाभरात आवाज बंद कर, नाही तं बँजो बसन."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. जागा माझी झालीच होती. पण मला तेवढ्याने भागेना, मला त्याची कायमची फजिती हवी होती. माइकवाला मघाशी माझ्या कानात बोलला होता, "पोकळ लाकूड भोंग्याजवळ आलं की मशीन कोकलते. ही तांदळानं दाबली हाय म्हणून चूप हाय."

मी गोड आवाजात ठेकेदाराच्या मुलाला म्हणालो, "मी दुपट्ट्यात झेलतो नं, बाप्पा. एक दाना खाली पडू देत नाही. मंग माय कायले कोपते?"

गिटार उलटी धरून आम्ही हलवली. तांदूळ निघाले, वाळकी फुलं निघाली, किडे निघाले. शेवटी एक उंदरीण निघाली, पिल्लांना पुढे घालून, घर रिकामं करणाऱ्या भाडेकरणीच्या तोऱ्यात.

परत वायर जोडली. तालमीत यमाचा प्रवेश होता. यमाने पाऊल टाकलं आणि गिटार जी कोकलली, ते मी काय सांगू! बाजारातल्या बैलांनी दावी तोडली. यम मटकन खाली बसला. ठेकेदाराचा मुलगा दोन्ही हात कानांवर ठेवून बसला होता, तारेला त्याचं नख लागलेलं नव्हतं. मी मनात बँजो मांडीवर घेतला.

मॅनेजर टुणकन उठला. "हाच! यमाच्या रेड्याचा आवाज हाच पायजे मले!"

बाजारातली माणसं जिलेबी टाकून मंडपाकडे पळत आली. "काय वाजवलं हो!" कुणीतरी म्हणालं. आमच्या वादकाने कानांवरचे हात सावकाश काढले.

"सहा वरसाचा रियाज हाय," तो म्हणाला.

माझी जागा गेली ती गेलीच. बँजो ढोलकीच्या मागे, खांबाआड. दर दसऱ्याला म्हातारी गिटार भरायची, दर मंडईला यम यायचा, आणि त्या दुपारी माझ्या दारात हाक ऐकू यायची, "चाल भाऊ, दुपट्टा घे. तुयाशिवाय माय दुसऱ्या कोनाले हात लावू देत नाही."

मी जायचो. त्या कामाचा दुपट्टा मी वेगळा धुऊन ठेवत असे.