माझ्याच पत्रकातली लिंक

खळ शिजल्याचा वास आला की अड्याळच्या बाजारातली भिंत आठवते. मोबाइल गेममध्ये फुकट डायमंड देणारी खोटी लिंक गावात फिरत होती. लोकांना ओळखता यावी म्हणून मी ती पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापली, वर 'फसवणूक' लिहिलं. पत्रकं त्या भिंतीवर चिकटवायला शेजारच्या विणकर काकूंनी सुताला लावायची खळ दिली. "पोट्टे वाचतेत का रे तुये कागद?" त्या हसल्या. दोन दिवसांनी त्यांची मुलगी रडत आली. त्या लिंकवर पासवर्ड टाकताच तिचं तीन वर्षं जपलेलं गेमचं खातं गेलं होतं. "कुठून भेटली तुले लिंक?" मी ओरडलो. "तुमच्याच कागदावरून, दादा. म्हटलं, पाहून तं पाहू." चोरांची जाहिरात मीच केली होती. आता पत्रकावर लिंक छापत नाही, आणि त्या घरी खळ मागायलाही जात नाही.