ओट्याचा दगड

सन एकोणीसशे साठ-बासष्टचा सुमार असेल. अकोल्यात एका पडीक जागेवर आम्हा कारकून मंडळींची सोसायटी स्वस्तातली घरं बांधत होती, तिथला हा मिस्तरी. नाव विचारायचं राहूनच गेलं, भांडण मात्र रोज व्हायचं. पायाच्या खड्ड्यात उतरून तो पहार आपटायचा आणि कान देऊन ऐकायचा. थप्प वाजलं की म्हणायचा, "अजून खोदा, मऊ मातीच हाये, मुरूम नाई लागला."

बाकीच्यांनी कमरेइतका पाया पुरे म्हटलं आणि दारापुढे ऐसपैस ओटे बांधून घेतले. माझा तर सगळा जीवच ओट्यात. जन्म भाड्याच्या खोलीत गेलेला, दुसरं काय मागणार होते मी?

एक दिवस बघते, तर ओट्यासाठी आणलेला दगड यानं सगळा पायाच्या खड्ड्यात घातलेला.

"माझा ओटा कुठं आहे?"

"बुडाशी गेला, बाई. काळ्या मातीवर घर म्हंजे बसल्या म्हशीवर खाट टाकनं हाये. पानी पडलं का म्हैस उठते."

त्या दिवशी मी त्याला चहासुद्धा दिला नाही.

दोन पावसाळ्यांत गल्लीतल्या भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. आमची भिंत जशीच्या तशी. रोज संध्याकाळी शेजारणीच्या ओट्यावर बसून मी ती सगळ्यांना दाखवायचे. शेजारीण बिचारी ऐकून घ्यायची, वर चहाही पाजायची.