नाव पाठ झालं की जातासा

मंडळी, गडमुडशिंगीत गरीब मुलांसाठी शाळेनंतर मोफत वर्ग चालतो, तिथला आज माझा शेवटचा दिवस. पुण्यात नोकरी लागली. माझ्या जागी आलेल्या नव्या ताईची मी मुलांशी ओळख करून देत होते.

पाचवीतली सानिका मान वर न करताच म्हणाली, "नाव नगा सांगू. पाठ झालं की जातासा."

नवी ताई हसली. मला हसू आलं नाही. वर्षभरातली मी चौथी ताई. सानिकाला आत्ता कुठं भागाकार जमायला लागलेला.

"मी फोन करीन गं," मी म्हटलं.

"आधीची ताई बी असंच म्हणलीती."

निघताना मला प्रमाणपत्र मिळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सानिकानं नाही.

खरं सांगा, आपण नक्की कोणासाठी शिकवायला जातो?