पाय चालत होते

"वास अजून कच्चा आहे, गे."

आचारी मामा वाफेवर तळवा फिरवायचे, वाफ नाकाकडे ओढायचे आणि हे म्हणायचे. देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही, म्हणून मीठसुद्धा वासावरच. तंजावरकडच्या मेलकावेरी गावच्या भजनमठात त्यांच्या हाताखाली मी भाज्या चिरल्या, नारळ खवले. त्यातच म्हातारी झाले.

"सार शीक नीट. नवरा घर सोडायचा नाही."

"तो गेला कधीच."

"मग उशीर झाला," म्हणायचे. दोघंही हसायचो.

एकदा मामा नदीच्या पायरीवर घसरले. मान आपटली. तंजावरचा डॉक्टर म्हणाला, मानेत अगदी वर नस चेपली, हातांची वाट बंद झाली, पायांची उघडी राहिली. असंही होतं म्हणे. कुणाकुणाचे हात परत येतात.

मामा थोड्या दिवसांत चालायला लागले. हात आले नाहीत. ओल्या पंच्यासारखे खांद्याला लोंबायचे. मामी उचलून मांडीवर ठेवायची, ते घसरायचे.

रोज मठात यायचे. पातेल्यावर वाकून वास घ्यायचे. घाम डोळ्यांत गेला तर मी पदरानं पुसायची.

तुम्ही रस्त्यात बघितलं असतं तर तुम्हीही म्हणाला असता, ह्यांना काय धाड भरलीय. गाव तेच म्हणायचं. "झपझप चालतो की. काम नको झालंय."

घरी मामी दार लावून भरवायची. मला एकदा म्हणाले, "पंगतीत बसेन तो माझ्या हातानं जेवायला. नाहीतर नाही."

रामनवमीला उत्सवापुरत्या येणाऱ्या मंडळींनी हौसेनं पहिल्या पानावर बसवलं. एवढे चालतात म्हणजे हातही आले असतील, असं वाटलं त्यांना. आमच्यात थोरल्यानं पानाभोवती पाणी फिरवल्याशिवाय कुणी घास घेत नाही. सगळी पंगत थांबली. भाताची वाफ विरत गेली. मामा उजव्या हाताकडे बघत राहिले. खांदा जरासा हलला. बोटं नाही हलली.

मामी चुलीपासनं निघाली. त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

"जेवा तुम्ही. मला भूक नाही."

भिंतीला पाठ घासत उठले आणि सरळ चालत गेले.

मठात परत आले नाहीत. ऐपशी महिन्यात, दिवाळीच्या पावसात, तापानं गेले.

नेताना आमच्यात पायांचे अंगठे बांधतात, हातांचेही. मी दोरा घेऊन बसले.

मामी म्हणाली, "पायांचेच बांध, गे. हात कुठं जातात."