वसुधाताईंचा निर्जळी

ॲरिझोनातल्या चँडलरच्या मराठी मंडळात सुजाता रंगारीच्या हातचं कुणी कधी काही खाल्लेलं नव्हतं, आणि सहा वर्षांत ही गोष्ट फक्त दोघींच्या लक्षात आली होती. एक सुजाता स्वतः. दुसऱ्या वसुधाताई, ज्यांनी हा सगळा बंदोबस्त केला होता.

बंदोबस्त म्हणजे काय, तर यादी. मंडळाचा गणपती असो, दिवाळी असो, आठवडाभर आधी वसुधाताईंची मेल यायची: कुणी काय करून आणायचं. कुणाकडे बटाट्याची भाजी, कुणाकडे पुऱ्या, कुणाकडे श्रीखंड. आणि तळाशी दर वेळी, नेमानं: ‘पेपर प्लेट्स, ग्लास, बर्फ – सुजाता.’

पहिली दोन वर्षं सुजाताला हा मायेचाच प्रकार वाटला. वसुधाताई म्हणायच्यासुद्धा, “तू बाई नोकरी करतेस, तुला कशाला त्रास?” नोकरी खरी होती. नागपूरला एम.एस्सी. करून ती नवऱ्यामागे इथे आली, दोन-तीन वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरात बसून काढली, आणि परवानगी हातात पडल्याबरोबर पाणी तपासणाऱ्या एका खाजगी लॅबमध्ये लागली. आसपासच्या वस्त्यांच्या पाण्याचे नमुने तिच्या टेबलावर यायचे आणि तिची सही झाली की पाणी पिण्याजोगं ठरायचं. पण नोकरी तर मंडळातल्या निम्म्या बायका करत होत्या, आणि त्या पुऱ्या लाटूनही आणत होत्या.

मग २००३च्या दिवाळीला तिनं यादी बाजूला ठेवून वडाभात केला. रात्री डाळी भिजत घातल्या, पहाटे वाटून वडे तळले, वर घालायला लसणाची फोडणी वेगळ्या बाटलीत घेतली. वसुधाताईंनी दारातच पातेलं हातातून घेतलं, “अगं बाई, किती छान! मी गरम करून काढते हं,” म्हणाल्या, आणि ते गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये गेलं. रात्री निघताना पातेलं परत मिळालं तेव्हा वरची फॉइलसुद्धा फाटलेली नव्हती. सुजातानं घरी येऊन ते पातेलं सिंकवर ठेवलं आणि मग तिला पहिली भेट आठवली. वसुधाताईंनी विचारलं होतं, “नागपूरला कुठे?” ती म्हणाली होती, “इंदोरा.” त्यावर वसुधाताई हसल्या होत्या, पण हसण्याआधी क्षणभर थांबल्या होत्या. त्यांचे कुणी नातेवाईक नागपुरात होते, इंदोरा ही बौद्धांची वस्ती आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या रात्री सुजाताच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती पुढे सव्वातीन वर्षं तशीच राहिली. भांडावं तर कशावर? कुणी एक वाकडा शब्द बोललेलं नाही. प्लेट्स आणायला सांगणं हा काही गुन्हा नव्हे. भानुदास, तिचा नवरा, शांत स्वभावाचा माणूस. तो म्हणायचा, “काहून डोकं खराब करून घेते? आपण जायचं, खायचं, यायचं.” सुजाता मान डोलवायची. पण मनात तिनं खूणगाठ बांधली होती की या बाईचं उट्टं काढल्याशिवाय ॲरिझोना सोडायचं नाही.

ठिणगी पडली २००७च्या फेब्रुवारीत. लाँग वीकेंडला मंडळानं युमापलीकडच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये एका रात्रीचा कॅम्प ठरवला. चाळीस माणसं, दहा तंबू. वसुधाताईंची मेल आली. मृणालिनी नावाची एक नवी मुलगी, जिला अमेरिकेत येऊन दोन महिने झाले होते आणि जिच्या कुकरची शिट्टी अजून नीट होत नव्हती, तिच्याकडे कोशिंबीर होती. आणि तळाशी: ‘पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या (सीलबंद), ग्लास, प्लेट्स, बर्फ – सुजाता.’

सीलबंद. सुजातानं तो शब्द दोनदा वाचला आणि तिला चक्क हसू आलं. ज्या बाईच्या घराच्या नळाला येणारं पाणी आपल्या सहीनं पास होतं, तिला आपल्या हातचं पाणी सीलबंद पाहिजे! बरं. वाळवंटात पाण्याची जबाबदारी तिनं आपण होऊन आपल्या हातात दिली होती. याहून चांगली संधी मागूनही मिळाली नसती.

शुक्रवारी रात्री तिनं स्वयंपाकघराच्या फिल्टर लावलेल्या नळाखाली पाच-पाच गॅलनचे सहा जार भरले. भानुदासनं विचारलं, “बाटल्या आणायच्या होत्या ना?” ती म्हणाली, “हे फिल्टरचं आहे. त्यापेक्षा शुद्ध.” ते खोटं नव्हतं. जारांबरोबर तिनं आपल्या वडिलांचा पितळी गडवाही घेतला, लांब मानेचा, कडेला चेपलेला.

शनिवारी दुपारी सगळे पोचले. वाळू इतकी बारीक होती की बुटात, केसांत, चकलीच्या डब्यात, कुठे म्हणून जाणार नाही असं नाही. टेकड्यांवरून वाळूत पळवायच्या मोटार-बग्ग्या घरघरत होत्या आणि कोरडं वारं ओठ फोडत होतं. तंबू ठोकून झाल्यावर जो तो पाण्याकडे धावला. सुजातानं टेबल मांडलं, पहिला जार वर चढवला आणि गडव्यानं ग्लास भरभरून देऊ लागली. मृणालिनीनं तीन ग्लास रिचवले. वसुधाताईंचे यजमान गुरुनाथकाका तर गडवा बघूनच खूश झाले, “वा, सुजाता! पितळी भांड्यातलं पाणी!” म्हणत त्यांनी ग्लासामागून ग्लास घेतला. कुणाला काही नव्हतं. माणसांना तहान लागली होती आणि पाणी थंड होतं.

मग सुजातानं एक ग्लास भरला आणि चालत वसुधाताईंपाशी गेली. त्या स्टोव्हवर मिसळीचा कट ढवळत होत्या. भोवती पाच-सात जणी होत्या. सुजाता मुद्दाम जरा मोठ्यानं म्हणाली, “घ्या ताई. बाटल्या नाही आणल्या. घरचं आहे, आमच्या किचनमधल्या नळाचं. मी स्वतः भरलंय.”

वसुधाताईंनी ग्लासाकडे पाहिलं. डाव अगदी त्यांच्यापुढे मांडला होता. नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं, आणि खरं कारण चाळीस माणसांत सांगता येणार नव्हतं. क्षणभर त्यांची पळी थांबली. मग चेहरा सोज्वळ करून त्या म्हणाल्या, “अगं, आज शनी-अमावास्या ना! माझा निर्जळी असतो.”

सुजाताच्या पोटात आनंदानं गुदगुल्या झाल्या. कारण तीनच तासांपूर्वी, गिला बेंडच्या पेट्रोल पंपावर, हीच निर्जळी बाई फ्रेंच फ्राइज आणि बादलीएवढा कोक घेऊन गाडीत बसताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

“हो का?” सुजाता म्हणाली. “मग ताईंना कुणी आग्रह करायचा नाही हं! ऐकलंत का सगळ्यांनी? ताईंचा निर्जळी उपास आहे!”

आणि तिथून पुढे सुजातानं त्या उपासाची अशी राखण केली, की खुद्द उपास करणारीही करत नाही. चहा झाला. मृणालिनी कप घेऊन निघाली तर सुजाता म्हणाली, “अगं, नको, चहात पाणी असतं.” कुणी संत्रं सोललं, तर “फळाचाही रस पोटात जातो गं.” गुरुनाथकाका बिचारे गोंधळले होते. “वसू, हा उपास कधीपासून धरलास?” वसुधाताई म्हणाल्या, “तुम्हाला माझं काही माहीत असतं का?” संध्याकाळी मिसळ वाढली गेली. वसुधाताईंनी स्वतः चाळीस प्लेटा भरल्या, वर शेव घातली, लिंबू पिळलं. तर्री बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी येत होतं. वसुधाताई खुर्चीत बसून ओठांवरून जीभ फिरवत होत्या.

सुजातानं दोनदा मिसळ घेतली. प्रत्येक घासाला तिनं त्यांच्याकडे बघितलं. भानुदासला कळलं होतं. तो हळूच म्हणाला, “पुरे न आता.” ती म्हणाली, “माझा वडाभात निघेपर्यंत फ्रिजमध्येच होता. हिला एक रात्र काढू दे.”

शेकोटीभोवती गाणी झाली, थंडी वाढली, एकेक करून माणसं तंबूत शिरली. सुजाता-भानुदासची मुलगी पायल कधीच झोपून गेली होती. सुजाताला झोप नव्हती. अमावास्येचा मिट्ट काळोख होता, वर चांदण्यांचा खच पडला होता, आणि ती पाण्याच्या टेबलापाशी ब्लँकेट घेऊन बसली होती. ती वाट बघत होती. बाई येणार, याची तिला खात्री होती.

अडीचच्या सुमाराला वाळूत पावलं वाजली. वसुधाताई शाल गुंडाळून उभ्या होत्या. सुजाताला पाहून त्या दचकल्या. मग घसा साफ करायला गेल्या, तर आवाजच फुटेना.

“सुजाता... मला जरा पाणी देतेस? बारा वाजून गेले, तिथी संपली असेल.”

“कोक बघू का?”

“संपलेत. मी पाहिलं.” मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. “पाणीच दे. चक्कर येतेय गं.”

सुजाता उठली. पन्नास ग्लासांचं न फोडलेलं पाकीट टेबलाखालीच होतं. तिनं ते पायानं मागे सारलं.

“ग्लास संपले, ताई. ओंजळ करा.”

वसुधाताई वाकल्या, ओंजळ पुढे केली. सुजातानं गडवा भरला आणि हात उंच नेला. वर्धेजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत तिचे वडील असंच पाणी प्यायचे. मास्तरांच्या माठाला हात लावायची सोय नव्हती. शिपाई येईल तेव्हा तो वरून धार सोडायचा, आला नाही तर घरी जाईपर्यंत घसा कोरडा. पहिल्या पगारातून वडिलांनी हा गडवा घेतला होता, आणि मरेपर्यंत ते त्यातून आल्यागेल्याला पाणी देत राहिले. आज त्याच गडव्यातून पुण्याच्या वसुधाताईंच्या ओंजळीत धार पडत होती. त्या गटागटा पीत होत्या, पाणी मनगटांवरून कोपरांपर्यंत ओघळत होतं, आणि सुजाताला वाटलं, झालं. सहा वर्षांचं भरून पावलं.

पोटभर पिऊन वसुधाताईंनी शालीच्या टोकानं तोंड पुसलं आणि चक्क हसल्या.

“काय मज्जा आली गं! लहानपणी सिंहगडावर देवटाक्याचं पाणी असंच प्यायचो आम्ही. किती वर्षांनी!” त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला. “कुणाला बोलू नकोस हं. उगाच चर्चा होते.”

आणि त्या तंबूत जाऊन झोपल्या.

सुजाता रिकामा गडवा घेऊन तशीच उभी राहिली. बाईला कळलंच नव्हतं! ओंजळ म्हणजे त्यांच्या लेखी सहल होती. जिला कधी ओंजळ करून ताटकळावं लागलं नाही, तिला ओंजळीत काय शिक्षा असते हे कसं कळणार? तीन वर्षं जपून ठेवलेला सूड तिनं वाळूत ओतला होता. रागानं तिला रडू आलं. ती सकाळपर्यंत तिथेच बसून राहिली.

सकाळी पोहे झाले. सगळे शेकोटीच्या राखेभोवती गोल करून बसले होते. मृणालिनी कौतुकानं म्हणाली, “वसुधाताई, तुम्ही सॉलिड आहात यार! डेझर्टमध्ये निर्जळी! मी तर मेलेच असते.”

“सवय असते गं,” वसुधाताई म्हणाल्या. “आमच्या घरात सोवळंओवळं, उपासतापास, सगळं कडक. एकदा धरलं की धरलं.” त्यांनी पर्समधून वही काढली. “बरं, पुढच्या महिन्यात पाडवा आहे. सगळे आहातच, तर आत्ताच लिहून टाकते. मृणालिनी, तू पुरणपोळी ट्राय कर, मी शिकवीन. आणि सुजाता, तुझ्याकडे नेहमीचंच.”

सुजाता उठली. भानुदासनं तिच्या हाताला हात लावला, मग काय वाटलं कोण जाणे, काढून घेतला. तिनं टेबलाखालचं ग्लासांचं पाकीट आणलं आणि वसुधाताईंच्या वहीवर ठेवलं.

“हे उरलेत, ताई. रात्री अडीच वाजता मी तुम्हाला ग्लास संपले म्हटलं, ते खोटं होतं. तुमच्या उपासाइतकंच. उपासाच्या दिवशी गिला बेंडला तुम्हाला फ्राइज आणि कोक घेऊन गाडीत बसताना मी पाहिलं होतं.”

गुरुनाथकाका हातातल्या पोह्यांकडे बघत राहिले.

“माझ्या हातचं पाणी नको म्हणून तुम्ही दुपारपासून उपाशी राहिलात आणि रात्री तेच ओंजळीनं प्यायलात. माझ्या वडिलांना शाळेत लोक असं वरून पाणी वाढायचे, त्यांना शिवायला नको म्हणून. तुम्हाला कसं लागतं ते दाखवायचं होतं मला. तुम्हाला तर सहल वाटली. म्हणून आता सगळ्यांसमोर सांगते. २००३च्या दिवाळीला मी वडाभात आणला होता. तुम्ही तो गॅरेजच्या फ्रिजमध्ये ठेवलात आणि तसाच परत दिलात. आठवतं?”

“अगं, तसं काही नव्हतं...” वसुधाताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. “माझ्या मनात तसं...”

“मग लिहा,” सुजाता म्हणाली. “वडाभात, चाळीस माणसांचा. सुजाता.”

वसुधाताईंनी पेन उचललं. ते कागदाला टेकलं, पण पुढे सरकेना. सगळे त्या पेनाकडे बघत होते. पाच सेकंद गेले, दहा गेले. वसुधाताई गेली सहा वर्षं काय करत आल्या होत्या, ते त्या दहा सेकंदांत चाळीस माणसांनी बघितलं. मृणालिनीनं हातातला कप खाली ठेवला.

मग सुजातानं वाकून वही ओढून घेतली, पेनही घेतलं, आणि उभ्या-उभ्याच दोन ओळी लिहिल्या. लिहिताना मोठ्यानं वाचल्याही.

“वडाभात – सुजाता. पेपर प्लेट्स, ग्लास, बर्फ – वसुधाताई.”

खाली तिनं सही केली आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली. अक्षर स्वच्छ, सुवाच्य होतं. रोज रिपोर्टवर सही करून तिचा हात बसलेला होता.