ऱ्हाईनच्या बोटीवरची शेजारीण

माझ्या नातवंडांनो, जर्मनीच्या फोटोत माझ्याशेजारी नऊवारी नेसून, पायांत स्पोर्ट्‌स शूज घालून बसलेली बाई कोण, असं तुम्ही काल फोनवर विचारलंत. घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

ती चाकणजवळच्या शेतकरी घरातली. ऱ्हाईन नदीवरच्या बोटीच्या सहलीत आठ दिवस शेजारी बसूनही तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वारा सुटला की ती आपली शाल माझ्या गुडघ्यांवर टाकायची. त्यांची बाकीची जमीन कारखान्यात गेली होती. विहिरीभोवतीचे दहा गुंठे तेवढे तिच्या नावावर उरले होते. तेही विकायचं सहलीला बरोबर आलेल्या तिच्या मुलाच्या मनात होतं.

"आये, घरी गेल्यावर तेवढी सही कर," तो रोज न्याहारीला आठवण करून द्यायचा. ती पावाला लोणी लावत राहायची.

एका दुपारी नदीकाठी द्राक्षमळ्यांचं जुनं गाव आलं. मी तिला पुस्तकातून तिथल्या किल्ल्याचा इतिहास वाचून दाखवू लागले.

"ताई, किल्लं आपल्याकडं बी हायेत. त्या म्हातारीकडं बघा."

उभ्या चढावर एक म्हातारी एका हाताने खांब धरून वेली बांधत होती.

"एवढ्या कड्यावर हिनं शेती राखली," ती मुलाकडे वळून म्हणाली. "माझी तर सपाट हाय. म्या न्हाई सही करायची."

"अगं, दहा गुंठ्यांत काय पिकणार?"

"कांदं."

मागच्या महिन्यात चाकणला जाताना मी तिने सांगितलेल्या खुणेपाशी गाडी थांबवली. कारखान्याच्या भिंतीला लागून ती विहीर आहे आणि तिच्याभोवती कांदा लावलेला आहे.