मला कुणी बोलेना

नामांतरावरून मराठवाडा पेटला, त्याच्या तिसऱ्या वर्षी मी सोनपेठजवळच्या एका गावात गणिताचा मास्तर म्हणून रुजू झालो.

हेडमास्तर गावातल्याच बड्या शेतकरी घरातले, तोंडाने फटकळ. आठवडाभर मागच्या बाकावर बसून ते एकेकाचा पाठ ऐकायचे. शनिवारी शाळा सुटली की सगळ्या मास्तरांना चहाला बसवून सगळ्यांदेखत एकेकाची बिनपाण्यानं करायचे. "गुरुजी, इतिहास शिकवायलाव का पोरं झोपवायलाव?" ज्याला बोलले तोही हसायचा. माझी पाळी आली की मात्र आवाज एकदम खाली. "साहेब, तुमचं छान हाय," म्हणायचे आणि पुढच्याकडे वळायचे.

सुरुवातीला मी फुशारलो. मग सहामाहीत माझ्या सातवीची निम्मी पोरं नापास झाली, आणि त्या शनिवारीही माझं छानच होतं! मी शाळेतला एकटा बौद्ध मास्तर. हा माणूस मला मान देतोय, मला भितोय, की माझ्याकडून त्याची काही अपेक्षाच नाही? तिन्ही खरं वाटायचं, आणि तिन्हीचा राग यायचा. इकडे वार्षिक परीक्षा जवळ येत होती. सातवीत नापास झालेलं पोरगं आमच्याकडे पुन्हा शाळेत दिसत नसे, रानात दिसे.

शेवटी एका दुपारी त्यांच्या खोलीत गेलो. "सगळ्यांना बोलताव, मलाच का न्हाई?"

ते अडकित्ता चाळवत बसले. मग म्हणाले, "मी तुमाला बोलावं पाठाबद्दल, अन् लोकांनी भलतंच ऐकावं. दिवस कसले हायत. कशाला साहेब?"

"पोरं नापास व्हायलीत, सर."

दुसऱ्या दिवशी ते येऊन मागच्या बाकावर बसले. शनिवारी चहा आला, माझी पाळी आली.

"गुरुजी," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगं चुकलं रे चुकलं की तुमी खडू घेऊन सोताच गणित सोडवायलाव. परीक्षेला कोण बसायचं हाय, तुमी का पोरं?"

सगळे खदखदून हसले. माझी कानशिलं तापली. मागून घेतलेलं, तरी झोंबलं. दुसऱ्या कुणाला म्हणाले असते तर मीही हसलो असतो, मग आता का नाही? हा अपमान होता की शिकवण? एस.टी.त बसल्यावरही मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. घरी पोचल्यावर ध्यानात आलं, आज ते मला साहेब म्हणाले नव्हते. ह्याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, तेही कळेना.

सोमवारी एक पोरगी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज करताना चुकली. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तर तिनं सवयीनं खडू माझ्यापुढं धरला.

शनिवारचं बोलणं मला तेव्हा लागलं.